पेटीवरचा बॅच नंबर

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायला आलेला माणूस दुकानात गर्दी असेपर्यंत तोंड उघडत नाही. कोल्हापुरातल्या आमच्या मेडिकलमध्ये येणारे एक सर असेच. बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत ते टूथपेस्टची खोकी न्याहाळत उभे राहायचे, मग खिशातून चिठ्ठी काढायचे.

सर चाळिशीच्या आतले. मूल होईना म्हणून तपासण्या झाल्या आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम निघाला, म्हणजे जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्तीचं. ५०० ते १००० पुरुषांत एखाद्याला ते असतं आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनची घाई केली नाही. वेगवेगळ्या दोन दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, कारण या हार्मोनची पातळी सकाळी वर असते आणि दिवस चढेल तशी उतरते. मग नवराबायकोला समोर बसवून विचारलं, मुलासाठी अजून प्रयत्न करायचेत का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम सोडायचं थांबवते, आणि शुक्रजंतू तयार व्हायचे तेही थांबतात. दोघांनी वेळ घेतला, दत्तकाचं ठरवलं, आणि मगच टेस्टोस्टेरॉन एनान्थेट २५० मिलिग्रॅमची चिठ्ठी माझ्यापर्यंत आली.

सर गणिताचे. पहिल्याच दिवशी त्यांनी अँप्यूल पेटीतून काढून काउंटरवर ठेवली आणि पेटीवरचा बॅच नंबर काचेवरच्या नंबराशी ताडून पाहिला. एक्स्पायरीही पाहिली. असं करणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि ‘आरएक्स’ची खूण कुठे असते ते मी दाखवलं. अँप्यूल ट्यूबलाइटसमोर धरली: आत पिवळसर, स्वच्छ तेल. थंडीत कधी त्यात स्फटिक दिसतात. मुठीत धरून ऊब दिली की विरघळतात. गढूळपणा गेला नाही, तर ती अँप्यूल परत करायची.

“फ्रिजमध्ये ठेवायची ना?” सरांनी विचारलं. गरज नाही. उजेडापासून दूर, कपाटात ठेवली तरी पुरे. बिलावर बॅच नंबर लिहिलेला होता, तो त्यांनी वहीत उतरवून घेतला.

एकदा त्यांचा ब्रँड संपला होता. शेल्फवर सस्टॅनॉन २५० होतं. मिलिग्रॅम तेवढेच, मग काय बिघडलं, असं सरांना वाटलं. बिघडतं. सस्टॅनॉनमध्ये चार वेगवेगळ्या एस्टरांचं मिश्रण असतं, त्याचा शरीरातला मुक्काम वेगळा, आणि ते शेंगदाण्याच्या तेलात बनवलेलं असतं. आमच्याकडे शेंगदाण्याशिवाय भाजी होत नाही, त्यामुळे त्याची अ‍ॅलर्जी कुणाला असेल हे डोक्यातच येत नाही. विचारायला मात्र हवं. तिसरा प्रकार अनडेकॅनोएटचा: ४ मिलिलिटर एरंडेल तेलात १००० मिलिग्रॅम, साधारण तीन महिन्यांतून एकदा. क्वचित ते तेल फुप्फुसांत पोचतं आणि खोकला, धाप लागते, म्हणून टोचल्यावर पेशंटला दवाखान्यातच थोडा वेळ नजरेखाली बसवतात. तेव्हा बदली औषध मी दिलं नाही, डॉक्टरांना फोन लावला.

इंजेक्शन सर दवाखान्यातच घेतात. दाट तेल, त्यामुळे कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल स्नायूत, सावकाश. सुई दर वेळी नवी. मधल्या काळात रक्ताचा रिपोर्ट होतो, कारण या औषधाने तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं, नाहीतर गुठळीची भीती.

अशात जिमला जाणारा एक मुलगा दहा मिलिलिटरची व्हायल घेऊन आला. चकचकीत लेबल, होलोग्राम, परदेशी कंपनीचं नाव. “काका, ही खरी आहे का बघा की.” परवाना क्रमांक नव्हता, आयात करणाऱ्याचं नाव नव्हतं, बिल तर नव्हतंच. होलोग्राम काय, कुठल्याही छापखान्यात निघतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला, पण तोही स्कॅन करून आलेली बॅच वेष्टनाशी जुळली तरच उपयोगाचा. विकसनशील देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. आणि समजा व्हायलमधलं औषध खरं निघालं, तरी निरोगी मुलाला त्याची गरज नव्हती.

“सगळे घेतात, काका.”

मी त्याला सरांचं नाव न सांगता शुक्रजंतूंची गोष्ट सांगितली. तालमीतल्या पोरांना उत्तेजक चाचणीचं भय जास्त. टेस्टोस्टेरॉनवर स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंदी आहे. याला त्याचं काही वाटलं नाही, पण मुलांचं ऐकून तो गप्प झाला. दोन सुया आधीच झाल्या होत्या. त्याला सरांच्याच डॉक्टरांकडे धाडलं. व्हायल माझ्याकडे ठेव म्हटलं, तर ती तो घेऊनच गेला.

संशयास्पद औषध दिसलं तर वेष्टन आणि बिल फेकू नका, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. इंजेक्शनचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवता येतं. त्यासाठी डॉक्टरच असायला हवं असं नाही, पेशंट स्वतः फोन करू शकतो.