अर्ध्यावरच्या कामाचे सोवळे

घरात प्रत्येक वस्तूस तिची जागा असते. मिठाच्या बरणीस असते, केरसुणीस असते, दाराबाहेर काढलेल्या पायताणांसही असते. पुऱ्या झालेल्या कामाचीही सोय लागते. शिवलेला कपडा पेटीत जातो, वाचून झालेला ग्रंथ कपाटात जातो. परंतु जे काम अजून चालू आहे, ज्याचा एक हात झाला आहे व दुसरा राहिला आहे, त्याने घरात राहावे कोठे, असे कोणी विचारल्यास आपणांपैकी पुष्कळांस चटकन उत्तर सुचणार नाही. याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आहे. कारण गेल्या वर्षी आमच्या घरात याच एका प्रश्नावरून पुष्कळ ऊहापोह झाला, आणि चार दिवस अबोलाही झाला.

आमचे बिऱ्हाड पुण्यातील पेठेत. जुना वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, तीत वाटणीस आलेल्या दोन सदनिका एकत्र करून पाच खोल्या व स्वयंपाकघर असा संसार आम्ही मांडला आहे. माणसे सात: वयाची अठ्ठ्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या मातोश्री, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. दोघी लेकी सासरी असतात, एक नागपुरास व दुसरी ठाण्यास. पाचवी खोली पाहुण्यांची म्हणून राखलेली. तीत एक पलंग, गाद्यांची चळत, गौरींच्या मुखवट्यांची पेटी आणि फराळाचे मोठे डबे. वर्षातील दहा महिने त्या खोलीचे दार केवळ केर काढण्यापुरते उघडत असे.

सूनबाई चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी येऊ लागले, आणि ते काम जेवणाच्या टेबलावर सुरू झाले. जलरंगाच्या चित्राचा प्रकार असा असतो की, कागद आधी भिजवून लाकडी फळीवर चिकटपट्टीने ताणून बसवावा लागतो. तो पुरता वाळल्यावाचून रंग लावता येत नाही. आणि रंगाचा हात दिल्यानंतर ती फळी हलविली किंवा तिरपी झाली, तर ओला रंग ओघळून आकाशाचा निळा शेतात उतरतो. पावसाळ्यात तर एक हात वाळण्यास दुपार सरते. इकडे साडेबारास पाने वाढली पाहिजेत. मग ती फळी फ्रीजच्या माथ्यावर, ब्रश पेल्यात, पेला ओट्यावर, आणि रंगाच्या वड्या मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून मसाल्याच्या फडताळात, अशी पांगापांग दिवसातून दोनदा होई.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकार पोथीच्या तोंडी एक विनवणी घालीत असत, हे संस्कृत वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून आपणांस राखावे आणि मूर्खाच्या हाती देऊ नये, अशा अर्थाची ती असते. पहिल्या दोन शत्रूंचा कायमचा मुक्काम जेथे असतो ती जागा म्हणजे जेवणाचे टेबल होय. चौथ्या कलमाविषयी घरातील माणसांसंबंधाने आम्ही काही लिहीत नाही.

आमची स्वतःची गोष्ट याहून निराळी. आम्ही मॅट्रिकनंतर पाठशाळेत शास्त्र्यांपाशी व्याकरण शिकलो व पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. आजोबांचे उतरत्या फळीचे बैठे मेज आमच्या खोलीच्या खिडकीपाशी आहे. त्यावर उघडी राहिलेली पोथी कोणी मिटीत नाही, दाब ठेवलेला कागद कोणी उचलीत नाही. हा मान आम्ही मागून घेतलेला नाही; मेजाबरोबर तो वारशाने आला. पुरुषाच्या लिहिण्यास घर आपोआप वाट करून देते. बायकांच्या कामाविषयी मात्र घराची अशी समजूत असते की, ते केव्हाही उचलता येते व केव्हाही पुन्हा मांडता येते.

ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यासाठी आम्ही एके दिवशी घड्याळ समोर ठेवले. वेळापत्रकाची जन्मभराची खोड. दोन्ही मुले शाळेस गेल्यावर सूनबाईंच्या वाट्यास दीड तास मोकळा आला. टेबल पुसणे, वर्तमानपत्र अंथरणे, फळी उतरविणे, रंग भिजविणे व काल कोठवर आलो होतो ते आठवणे यात बावीस मिनिटे गेली. आवरण्यास अठरा. म्हणजे नव्वदांतील चाळीस मिनिटे केवळ मांडामांडीत खर्ची पडली. ज्यास सलग सहा तास मिळतात त्याची चाळीस मिनिटे गेली तर फारसे बिघडत नाही. परंतु ज्याचा वेळ तुकड्यातुकड्यांनी येतो त्याचा जवळजवळ अर्धा दिवस त्यात बुडतो. तेव्हा कामाची मांडलेली जागा कोणास अधिक हवी, तर ज्यास सवड सर्वांत कमी त्यास.

मोठ्या कामांचा इतिहासही हेच सांगतो. येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १ एप्रिल १९१९ रोजी झाला आणि ते काम १९६६ साली पुरे झाले. एक हजारांहून अधिक हस्तलिखिते मिळवून, मोठ्या कागदांवर चौकटी आखून, एकेका श्लोकाची पाठांतरे अक्षराखाली अक्षर मांडून पाहावयाची, असा तो उद्योग. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते. ते १९४३ साली वारले, तेव्हा काम अर्ध्यावर होते. दुसऱ्यांनी तेथून उचलले. सत्तेचाळीस वर्षे ते कागद मांडलेले राहू शकले, म्हणून हे घडले. रोज दोन वेळा पंगतीसाठी ते गुंडाळावे लागते तर आदिपर्व तरी हातावेगळे झाले असते की नाही, याची शंका आहे. घरातील चित्राची तुलना महाभारताशी करणे काहींस अतिशयोक्त वाटेल; पण ओला कागद दोन्हीकडे सारखाच असतो.

असो. एका रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही पाहुण्यांच्या खोलीचा विषय काढला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, घडीचे टेबल मिळते, ते आणू या." आम्ही म्हणालो की, ज्या टेबलाचा गुण घडी होणे हाच, ते या रोगावर औषध कसे होईल? त्यांची दुसरी सूचना बाहेर एखादी खोली भाड्याने घेण्याची होती. परंतु तुकड्यांनी मिळणारा वेळ बाहेर नेता येत नाही. डाळ शिजेपर्यंतच्या पाऊण तासात पेठ ओलांडून जाणे-येणेच व्हावयाचे.

खरा विरोध सौ.चा होता, आणि तो लटका नव्हता. त्या म्हणाल्या, "अहो, खोली रिकामी दिसते ती तुम्हांला. मला ती रिकामी दिसत नाही. लेकी माहेरी आल्या म्हणजे उतरायचे कोठे? दिवाणखान्यात, पाहुण्यासारखे?" सूनबाई लगोलग म्हणाल्या, "आई, मला टेबल चालते, खोली नको." हे त्या मनापासून म्हणाल्या की भीडेने, ते कळण्यास मार्ग नव्हता, आणि एकत्र कुटुंबातील पुष्कळ प्रश्न अशा वाक्यापाशीच मिटल्यासारखे होऊन कुजत राहतात. त्यानंतरचे चार दिवस स्वयंपाकघरात भांड्यांचाच आवाज अधिक होता.

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात, स्त्रीस लेखन करावयाचे असेल तर तिला वर्षास पाचशे पौंड व कुलूप लागणारी स्वतःची खोली हवी, असे प्रतिपादन केले आहे. पौंडांविषयी आमचा वाद नाही. कुलपाविषयी मात्र आम्हांस असे वाटते की, सात माणसांच्या घरात बंद दाराचा अर्थ काम असा होत नाही, राग असा होतो. दोन वेळा कडी लागली की तिसऱ्या वेळी कोणीतरी बाहेरून विचारतेच, "काही झाले का?" आमच्या घरास हवे होते ते दार उघडे ठेवूनही पाळले जाईल असे काहीतरी.

ते सुचविले मातोश्रींनी. पाचव्या दिवशी सकाळी माळ ओढता ओढता त्या म्हणाल्या, "अरे, वलणीवरचे सोवळे कोणी शिवत होते का? खोलीला कुलूप नव्हते, दारही नव्हते. शिवायचे नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. तिचा कागद तसा समजा." मग सौ.कडे वळून म्हणाल्या, "आणि तुझ्या लेकी आल्या तर माझ्या खोलीत निजतील. मला रात्री झोप येत नाही, बोलायला कोणी बरेच."

ज्या सोवळ्याने माणसास माणसापासून दूर केले ते गेले, हे उत्तम झाले. परंतु ओल्या हाताने लोणच्याच्या बरणीस शिवू नये, निवत ठेवलेल्या दुधास धक्का लावू नये, ही जी शिस्त आपल्या बायकांनी शतकानुशतके पाळली व पाळविली, ती मोडीत काढण्याचे कारण दिसत नाही. ती कागदास लावावयाची, इतकेच. नातवंडांस आम्ही नियम घालून दिला की, त्या खोलीत डोळे न्यावे, बोटे नेऊ नयेत. धाकटा चार दिवसांत शिकला. चिरंजीवांस, मोबाइलचा चार्जर तेथे ठेवू नये हे कळण्यास दोन महिने लागले.

खोलीची मांडणी फार खर्चाची नाही. खिडकी उत्तरेस आहे, हे भाग्यच. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, म्हणून चित्रकार तो पसंत करतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते, तेवढ्यापुरता पातळ पडदा. वाड्याच्या माडीचे एक सागवानी दार माळ्यावर पडून होते, ते रंधून सुताराने त्याचे टेबल केले. बसल्यावर कोपर सहज टेकेल इतके उंच. सूनबाई डावखुऱ्या आहेत. लिहिणाराच्या डाव्या हातास उजेड असावा हे शाळेतील सूत्र उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचे. डावखुऱ्यास दिवा उजवीकडे हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली रेघेवर पडते. हे सुतारास दोनदा सांगितले, तरी त्याने हातसवयीने खुंटी डावीकडेच ठोकली व मग काढून बसविली. ते भोक अजून भिंतीस आहे.

कपाट पश्चिमेच्या भिंतीस लावू दिले नाही, कारण पावसाचा मारा तिकडून असतो व ओल तीच भिंत धरते. जेथे ठेवले तेथेही भिंतीपासून चार बोटे अंतर राखले आहे. कप्प्यांत कसरीसाठी वेखंडाचे तुकडे ठेवले आहेत. पोथ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या घालीत आले. कागदांच्या व्यवस्थेस आम्ही पेशवे दप्तराची युक्ती सुचविली: एका प्रकरणाचे सर्व कागद एका रुमालात. सूनबाईंनी प्रत्येक पुस्तकाचा वेगळ्या रंगाचा रुमाल केला आहे. गोष्ट, कच्ची रेखाटने, प्रकाशकाची पत्रे व रंगांचे नमुने सर्व त्यातच. मात्र टेबलाचा पृष्ठभाग नीटनेटका असावा असा आग्रह आम्ही धरीत नाही. व्यवस्था व टापटीप या दोन गोष्टी एकच नव्हेत. हवी ती वस्तू हात लांबविताच मिळाली की व्यवस्था झाली. मग वर पाहणाऱ्यास तो पसारा दिसला तरी चालेल.

दिवाळीस नागपूरची लेक आली. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्या खोलीच्या दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "म्हणजे आमची खोली गेली तर." सौ.नी आमच्याकडे पाहिले. आम्ही उत्तर दिले नाही, कारण ती म्हणाली ते खरे होते. लेकीचे माहेर एका खोलीएवढेच असते असे नाही. परंतु त्या एका खोलीएवढे तरी ते असते, आणि तेवढे त्या घरातून उणे झाले होते. रात्री ती आजीजवळ निजली. दोन वाजेपर्यंत दोघींची कुजबूज ऐकू येत होती. जाताना सूनबाईंकडून तिने आपल्या मुलीसाठी एक चित्र मागून घेतले. राग गेला असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पौषात एके दुपारी सौ.नी लोखंडी पेटीच्या तळातून एक गाठोडे काढले. मॅटीच्या कापडावर भरावयास घेतलेला कशिदा होता. दोन मोर पुरे, तिसऱ्याची मान झालेली व पिसारा कोरा. थोरलीच्या जन्मापूर्वी आरंभिलेले काम ते. दोरे विटले होते, सुई कापडातच गंजून बसली होती. त्यांनी सूनबाईंस विचारले, "तुझ्या कपाटाचा खालचा कप्पा मोकळा आहे ना?" आता दुपारी दोघी त्या दाराच्या टेबलाशी समोरासमोर बसतात. सौ. उजव्या हाताच्या, समोर बसल्यामुळे सूनबाईंच्या उजवीकडचा दिवा त्यांच्या डावीकडे येतो हे ठीक, पण तो एकच दिवा दोघींस आपापल्याजवळ हवा असतो. यावरून रोज थोडी ओढाताण होते. दुसरा दिवा आणून ठेवला आहे, दुसरी खुंटी तेवढी व्हावयाची. सुतार आज येतो, उद्या येतो असे चालले आहे.