घाटाआधीचे दिवस

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने वेदीवरून उत्साहाच्या भरात काही कबूल करू नये, हा धडा आम्हाला गेल्या नोव्हेंबरात मिळाला. धर्मग्रामातील डायलिसिसच्या रुग्णांसाठी निधी उभारायचा होता. त्यासाठी आमच्या तरुण मंडळींनी वसईहून नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरापर्यंत एका दिवसात सायकलने जाण्याचा बेत आखला होता. अंतर सुमारे १६० किलोमीटर. प्रवचनात त्यांचे कौतुक करता करता आम्हीही त्यांच्यासोबत जाणार असल्याचे बोलून गेलो. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. मिस्सात टाळ्या पडल्या की आपले काहीतरी चुकले असे समजावे, असे सेमिनरीतील आमचे एक वृद्ध प्राध्यापक म्हणत. त्याचा अर्थ त्या रविवारी उमगला.

देणगीची रीतही मुलांनीच ठरविली. स्वार जितके किलोमीटर जाईल, तितक्याच किलोमीटरांचे पैसे. कोणी दहा रुपये लिहिले, कोणी पाच. धर्मशिक्षणाच्या वर्गातील तिसरीच्या एका मुलीने आमच्या नावापुढे किलोमीटरला एक रुपया लिहिला आणि विचारले, "फादर, पूर्ण जाणार ना? मी एकशे साठ साठवलेत." डायलिसिस सरकारी योजनांतून पुष्कळांना मोफत मिळते हे खरे, परंतु आठवड्यातून तीनदा रिक्षाने जाणे-येणे, बाहेरून आणावी लागणारी औषधे, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, हा सारा खर्च घरावरच पडतो. म्हणजे आम्ही शहापूरला थांबलो तर कोणाच्या तरी रिक्षाचे पैसेही शहापूरलाच थांबणार. या हिशेबाने आमची झोप उडाली.

सायकल आम्हाला नवी नाही. धाकटे फादर असताना गावोगावच्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही सायकलनेच जात असू. पण ती काळी, जड, कॅरिअरवाली सायकल होती. मुलांनी आमच्यासाठी आणलेल्या सायकलला गिअरच इतके होते की पहिले आठ दिवस आम्ही एकालाही हात लावला नाही. त्यात वसईचा प्रदेश सपाट. चढ म्हणावा असा जवळ एकच, रेल्वेवरील उड्डाणपूल. पहाटे साडेचारला आम्ही त्या पुलावरून दहा दहा वेळा ये-जा करू लागलो. चौथ्या दिवशी नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याने काळजीने विचारले, "फादर, काही हरवलंय का?"

मनातील भीती लपविण्यासाठी आम्ही सायकल चालविण्याऐवजी सायकलविषयी वाचू लागलो. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली होती. इटलीत घिसाल्लो येथे मारियामातेचे एक मंदिर आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली तेथील मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. आणि जिनो बार्ताली! टूर द फ्रान्स १९३८ साली आणि पुन्हा १९४८ साली जिंकणारा हा श्रद्धावान माणूस १९४३-४४ मध्ये सरावाचे निमित्त करून फ्लॉरेन्सहून असिसीकडे जाई. ज्यू कुटुंबांचे प्राण वाचविणारी बनावट कागदपत्रे त्याच्या सायकलच्या नळीत दडविलेली असत. हयातभर त्याने याविषयी फारसे बोलणे टाळले. २०१३ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. आम्ही मात्र नाशिकला पोहोचण्याआधीच साऱ्या धर्मग्रामाला सांगून बसलो होतो.

वाचनाने पोटऱ्या बळकट होत नाहीत. जानेवारीत वज्रेश्वरीपर्यंत सराव करायला एकटेच निघालो असता पारोळच्या पुढे डाव्या पायात असा गोळा आला की रस्त्याच्या कडेला आडवे व्हावे लागले. भाजीच्या एका रिकाम्या टेम्पोने आम्हाला परत आणले. येथे एक कबुली द्यायला हवी. त्या टेम्पोवाल्याला आम्ही मागच्या फाटकाशी उतरविण्यास सांगितले. पुढच्या पटांगणात मुले खेळत होती.

पण एका माणसाने आम्हाला पाहिलेच. मागच्या ओट्यावर तो उन्हाला बसला होता. तीस वर्षे पहाटेच्या अंधारात सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून स्टेशन गाठणारा, मुंबईला दूध घालणारा हा आमचा धर्मग्रामस्थ. आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, चार चार तास तो यंत्राला जोडलेला असतो. त्याने काही विचारले नाही. आम्ही मात्र तहानेने कासावीस होऊन हातातील बाटली त्याच्यासमोरच तोंडाला लावली आणि अर्ध्यावर थबकलो. त्याला दिवसाकाठी सारे मिळून एक लिटर. चहा, डाळीचे पाणी, औषधाबरोबरचा घोट, सगळे त्यातच. घरी एका तांब्यावर त्याने खूण करून ठेवली आहे. आणि आम्हाला मुलांनी बजावलेले, की दर तासाला निदान अर्धा लिटर प्यालाच पाहिजे, नाहीतर पुन्हा गोळा येईल. बारा तासांचे सहा लिटर.

"प्या, फादर," तो म्हणाला. "मला बघायला बरं वाटतं."

मग तो घाटाविषयी बोलू लागला. आयुष्यात तो कधी घाट चढला नव्हता. पण चाळीस लिटर दूध लादून पावसाळ्यातल्या चिखलातून त्याने सायकल रेटली होती. चढ आला की टोकाकडे बघायचे नाही, पुढच्या चाकाच्या पुढे दोन हात एवढेच बघायचे. श्वास मोजायचा. उतरावे लागले तर उतरावे, पण बसू नये; बसलेला माणूस उठत नाही. कसारा ते इगतपुरी ही सुमारे तीनशे मीटरची चढण आम्ही नकाशावर इतक्या वेळा पाहिली होती की ती भिंतीसारखी वाटू लागली होती. तेथे रेल्वेगाड्यांनाही मागून जादा इंजिने लावतात, हे आम्ही त्याला सांगितले. तो हसला. "तुमच्या मागेही पोरं आहेत की."

त्यानंतर पुलावरच्या फेऱ्या वाढल्या. एकदा वज्रेश्वरीला जाऊन परतही आलो, आणि पुढच्या फाटकाने आत शिरलो. तरीही भीती गेली असे म्हणवत नाही. आज शुक्रवार. पहाटे तीनला निघायचे आहे; चिंचोटी, भिवंडी, पडघा आणि ऊन चढण्यापूर्वी शहापूर, असा मुलांचा बेत. दोन बाटल्या, केळी, खजूर, मिठाची पुडी, जपमाळ, सारे टेबलावर मांडून झाले आहे. जेवण मात्र घशाखाली उतरले नाही.

संध्याकाळी तो आला. डायलिसिसहून थेट, रिक्षा थांबवून. दंडाला पट्टी, चेहरा उतरलेला. मुलाने हाताला धरून आणलेले. व्हरांड्यात टेकवलेल्या सायकलभोवती तो एकदा फिरला, चेन बोटाने हलवून पाहिली, मग वाकून मागचा टायर अंगठ्याने दाबला.

"हवा कमी आहे, फादर."

आम्ही पंप आणायला आत गेलो.