डिपर मार की बे!

शुक्रवारी संध्याकाळी लॉग-आऊट करायचं, सॅक पाठीला अडकवायची आणि हडपसरचं ट्रॅफिक एकदाचं मागे टाकायचं. मग यवत, चौफुला, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ आणि घर! पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना ही गावं पाढ्यासारखी पाठ असतात. अंतर अडीचशे किलोमीटर. बसने गेलात तर झोपेत संपतं, बाईकवर मात्र प्रत्येक किलोमीटर मोजून घ्यावा लागतो. त्यातून थंडीचे दिवस म्हणजे उसाचा सीझन. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना टेललाईट हा प्रकार जवळपास नाहीच. एखादा रिफ्लेक्टर लावलेला असला तर तोही लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला.

अशाच एका ट्रॉलीने गेल्या डिसेंबरात इंदापूरच्या पुढे माझा घाम काढला. 80च्या स्पीडला बाईक सेकंदाला 22 मीटर जाते. माझ्या पिवळट हेडलाईटमध्ये ऊस दिसला तेव्हा हातात जेमतेम दोन सेकंद होते. वाचलो. घरी आईला काही बोललो नाही. पण रूमवर परतल्यावर पहिलं काम काय केलं, तर ऑनलाईन एलईडी बल्ब मागवला. पाकिटावरचे आकडे वाचून वाटलं, आता वानखेडेवर डे-नाईट मॅच खेळवता येईल! जुना हॅलोजन काढला, नवा ठोकला, दहा मिनिटांत काम फत्ते. पार्किंगमधली समोरची भिंत दुधासारखी पांढरी. मी जाम खूश.

जानेवारीत घरी गेलो तर गावात गड्ड्याची धामधूम. सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या वेळचे नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे. ज्याने सोलापूर फक्त चादरीच्या लेबलवर वाचलंय, त्याने एकदा या दिवसांत यावंच. आणि आलात तर हुरड्याला या. आमचा ग्रुप दरवर्षी वैरागकडे एका मित्राच्या शेतात जमतो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली ज्वारीची कणसं, हातावर चोळून गरम गरम हुरडा, सोबत शेंगा चटणी, दही, गूळ. ही चटणी पुण्यात पाकिटात मिळते, पण ती खाऊन सोलापूरकर फक्त उसासा टाकतो.

परतायला साडेआठ झाले. बार्शी-सोलापूर रस्त्याला हायवेसारखा डिव्हायडर कुठला असायला! वडाळा मागे पडलं, नान्नजचं माळरान लागलं. माळढोकचं अभयारण्य ते हेच. दिवसा इथे काळविटं दिसतात, रात्री काही म्हणजे काही दिसत नाही. मला मात्र सगळं दिसत होतं. झाडांचे शेंडेसुद्धा. (हेडलाईटमध्ये झाडांचे शेंडे का दिसावेत, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.) समोरून येणारे डिपर मारत होते. मला वाटलं, जळतायत साले!

मग एका वळणावर समोरून जुनी एम-एटी आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. ती आधी हलली, मग सरळ साईडपट्टीवरून खाली उतरली. कॅनचा आवाज अजून कानात आहे. मी बाईक टाकून पळालो. साठीचे काका होते. गाडी अंगावर, कोपर सोललेलं. कॅन रिकामे होते, दूध घालून घरी निघालेले.

"काका, लागलं का?"

"न्हाई रे बाबा. समोर नुसतं पांढरं झालं. रस्ता कुठाय तेच कळंना."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते मलाच म्हणाले, "जा, उशीर होईल तुला." डॉक्टरकडे चला म्हटलं, नको म्हणाले. एम-एटीचं हॅण्डल दोघांनी मिळून सरळ केलं. त्यांचा मिणमिणता लाल ठिपका दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. ते आणखी हातभर बाहेर गेले असते तर पुढे दगडी मोरी होती. माझ्याच लाईटमध्ये ती मला स्वच्छ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात रस्त्याजवळच्या बोळातल्या चाचांच्या गाळ्यावर गेलो. माझी सायकल पंक्चर व्हायची तेव्हापासूनचे ते आमचे मिस्त्री. लाईट लावून दाखवला. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "समोरच्याला आंधळं करलालास की बे तू!"

मग क्लास सुरू. माझ्या हेडलाईटला एच-फोर बल्ब बसतो. त्यात दोन तारा, हाय बीमची 60 वॅटची आणि लो बीमची 55ची. लो बीमच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. रिफ्लेक्टरची सगळी आकडेमोड त्या तारेची जागा धरून केलेली. माझ्या एलईडीच्या चिप्स त्या जागेपासून थोड्या सरकलेल्या. एवढ्यानेच उजेड विस्कटतो, अर्धा झाडांवर, अर्धा समोरच्याच्या डोळ्यांत. सगळे एलईडी वाईट असं नाही. कंपनीतूनच एलईडी हेडलाईट घेऊन येणाऱ्या बाईकचा रिफ्लेक्टरही त्याच हिशेबाने बनवलेला असतो. त्यात 2017च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा हेडलाईट सतत चालूच राहतो. म्हणजे मी दिवसाही लोकांना छळत होतो.

"मग 100/90 टाका," मी म्हटलं. चाचांनी अशा बल्बने वितळलेला एक होल्डर ड्रॉवरमधून काढून माझ्या हातावर ठेवला. 100 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर आठ अॅम्पियरच्या वर करंट, तोही केसासारख्या वायरमधून. शिवाय ते नियमातही बसत नाही.

खरा आजार निघाला दुसराच. चाचांनी मीटर लावला. बॅटरीवर पुरते व्होल्ट, बल्बपर्यंत पोचेस्तोवर दहा टक्के गायब. बटणाचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, लांब बारीक वायर. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्के घटतो! म्हणजे मी बल्बला शिव्या घालत होतो आणि बिचारा अर्धपोटी जळत होता.

इलाज स्वस्त आणि मस्त. दोन रिले, बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज, सिरॅमिक होल्डर आणि चांगल्या कंपनीचा साधा 60/55. आता हॅण्डलवरचं बटण फक्त रिलेला हुकूम देतं. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

शेवटचं काम मला सगळ्यात आवडलं. अंधार पडल्यावर बाईक भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, मला वर बसवलं आणि मागे गाळ्यावरच्या पोऱ्याला. मागे वजन आलं की तोंड वर होतं, म्हणून. हेडलाईटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारली. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली येईपर्यंत चाचा स्क्रू फिरवत राहिले. पांढरी नव्हे, पिवळसर भिंत. पण उजेड हवा तिथेच. एलईडी मी परत मागितला नाही.

तिथूनच नान्नजपर्यंत चक्कर मारली. आता झाडांचे शेंडे काळेच. रस्त्यावरचा खड्डा मात्र आधीपेक्षा लांबून दिसत होता. समोरून सात-आठ गाड्या गेल्या, एकानेही डिपर मारला नाही. मोरीपाशी दोन मिनिटं थांबलो.

परतताना पुढे एक स्प्लेंडर. लाईट पूर्ण बंद, आणि मागे बसलेल्या पोराने मोबाईलचा टॉर्च पुढच्याच्या खांद्यावरून धरलेला. ओव्हरटेक करणार होतो. मग स्पीड तीसवर आणला आणि त्यांचा रस्ता दिसेल अशा बेताने लो बीमवर मागे मागे राहिलो, सोलापूरचे दिवे लागेपर्यंत. पोराने मागे वळून पाहिलं, टॉर्च बंद करून खिशात टाकला.