कुलूप लावलेली घरे

वाडीचा एखादा तुकडा विकून आलेल्या पैशांतून, परदेशातल्या नोकरीच्या शिलकीतून किंवा निवृत्तीच्या फंडातून एखादी सदनिका घ्यावी आणि ती भाड्याने द्यावी, हा विचार आता वसईत घरोघरी रुजला आहे. पूर्वी केळीच्या बागेने जो आधार दिला तो आता दोन खोल्यांनी द्यावा, अशी त्यामागील अपेक्षा. मी शाळेतून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून घरामागची दोन खोल्यांची जागा भाड्याने देत आलो आहे. त्यामुळे पहिलेच घर घेणारे माझे माजी विद्यार्थी अधूनमधून ओटीवर येऊन बसतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर, भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटेल ना?”

सुटणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि कागद-पेन्सिल पुढे सरकवतो. समजा, सदनिका चाळीस लाखांची आहे व भाडे महिना अकरा हजार. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहणार असे धरावे; एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो. म्हणजे हाती 1,21,000 रुपये. त्यातून सोसायटीचे महिना दोन हजारांप्रमाणे 24,000 वजा करावेत, घरपट्टीचे चार हजार, रंगरंगोटी, गळका नळ व दलालीचे मिळून तेरा हजार. उरले ऐंशी हजार. चाळीस लाखांवर हे दोन टक्के झाले. उलट त्यांपैकी तीस लाख साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच अडीच लाखांवर जाते. पुढे जागेची किंमत वाढेल म्हणून घर घ्यायचे असेल तर तसे स्वतःशी कबूल करून घ्यावे. ती वाढेलच असे कोणी सांगू शकत नाही. आयकरात घरभाड्यावर, भरलेली घरपट्टी वजा जाता, दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के सूट मिळते, तेवढाच दिलासा.

हा हिशेब ऐकून काहीजण उठून जातात. जे बसून राहतात त्यांच्या मनातली खरी गोष्ट मग बाहेर येते. ती असते भीती. “भाडेकरू निघालाच नाही तर?” माझ्या पाहण्यातली कितीतरी घरे याच एका प्रश्नापायी वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत. भिंतींना ओल येते, खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजतात, आणि मालक मात्र निर्धास्त!

ही भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. तिला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 रोजी होते तेथेच गोठवले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा पन्नास वर्षे मुदतवाढ घेत राहिला. मुंबईतल्या चाळींचे मालक महिन्याकाठी जे भाडे घेत, त्यात जिन्याची एक पायरीही दुरुस्त होत नसे. घरे पडू लागली, पागडीचा व्यवहार पडद्याआड फोफावला. त्यातच 1973 मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षाच्या 1 फेब्रुवारीला जे केवळ परवानगीने, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहत होते, तेही संरक्षित भाडेकरू ठरले. आपल्या वडिलधाऱ्यांनी ‘जागा दिली की गेली’ हे वाक्य उचलले ते त्या काळातून. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचे नमूद केले, आणि 31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला.

गंमत अशी की कायदा बदलला, भीती मात्र वारसाहक्काने पुढे आली. नव्या कायद्यात परवान्यावर निवासासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर रहिवासी हलला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. पण यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. येथे आपले बहुतेक नवे मालक घसरतात. ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?’ असे ते आत्मविश्वासाने विचारतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, या 1908 च्या नोंदणी कायद्यातून ही अकराची आकडेमोड निघाली. महाराष्ट्रात तिचा उपयोग नाही. येथे मुदत कितीही असो, नोंदणी हवी. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास दंड किंवा कैदही त्यालाच. शिवाय वाद उभा राहिला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हजार रुपये नोंदणी शुल्क आणि एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक, अनामत असेल तर तिचाही थोडा भाग, एवढ्यासाठी ही जोखीम पत्करणारे सुशिक्षित लोक पाहिले की नवल वाटते.

“ओळखीचा मुलगा आहे सर, त्याच्याकडे कागद कसा मागायचा?” हाही नेहमीचा प्रश्न. माझा अनुभव उलटा आहे. ओळखीच्या माणसाशीच कागद आधी करावा. भाडे कोणत्या तारखेला, वीजबिल कोणाचे, अनामत परत देताना रंगाचे पैसे कापायचे की नाही, हे सगळे लिहिलेले असले म्हणजे निरोप घेताना कोणाला तोंड लपवावे लागत नाही. आणि भाडे थकले म्हणून पाणी वा वीज तोडायची नाही. तो गुन्हा आहेच. त्याहूनही, आतल्या लेकराचा त्यात काय दोष?

राहता राहिले ते, जागा द्यायची कोणाला? या प्रश्नाला कायद्याचे पुस्तक मला फारसे उपयोगी पडलेले नाही. ओटीवर बसलेली माणसे येथे आवाज खाली आणतात. एकट्या मुली नकोत, अमुक प्रांतातले नकोत, अमुक धर्माचे नकोत. मी ऐकून घेतो आणि मग त्यांना विचारतो, तुमच्या मुलाला मुंबईत जागा शोधताना दलालाने काय विचारले होते? बहुतेकांना आठवते. ‘तुम्ही मासळी खाता ना? मग या इमारतीत जमणार नाही.’ नाव ऐकताच भाडे वाढल्याचे किंवा जागा नुकतीच गेल्याचे कळलेली कुटुंबे आपल्या प्रत्येक गावात आहेत.

मी नोकरीचा पुरावा पाहतो, आधीच्या घरमालकाशी बोलतो, पोलीस ठाण्यात माहिती देतो आणि रात्री मोटार किती वेळ चालते ते आधीच सांगून ठेवतो. सध्या माझ्या खोल्यांत रुग्णालयात काम करणाऱ्या दोन परिचारिका राहतात. दोघींच्या पाळ्या वेगळ्या असल्यामुळे फाटकाची एक जादा किल्ली करून द्यावी लागली. तिचा उल्लेख करारात दुसऱ्या पानावर आहे.