मूषकशुश्रूषा

मिरी फक्त डावीकडेच वळते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा घरातली मंडळी आपापल्या उद्योगात होती, आणि मी, मुलीच्या घरी मुक्कामाला आलेल्या बापावर जेवढे काम सोपवले जाते तेवढे, म्हणजे काहीच नाही, करीत दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यासमोर बसलो होतो. ती चालू लागे, चार पावलांत तिचे अंग डाव्या कुशीवर झुके, डोके इतके कले की एक डोळा छताकडे आणि दुसरा जमिनीकडे लागलेला दिसे, आणि मग घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी फेर धरून ती जिथून निघाली तिथेच येऊन टेके. आदल्या संध्याकाळपर्यंत हीच मिरी तीन मजली पिंजऱ्याच्या गजांवरून सरसर चढून सर्वांत वरच्या झोळीत जाऊन निजत होती.

मिरी ही माझ्या नातीची पाळलेली उंदरी. नातीने ठेवलेले नाव इंग्रजी आहे, आमच्या सौं.नी आल्या दिवशीच तिची मिरी केली आणि तिच्या जोडीदारणीची लवंग. उंदीर एकटा ठेवू नये, एकटा उंदीर झुरतो, असे इकडचे शास्त्र आहे, आणि ते खरे असावे. पाळीव उंदीर म्हणजे आपल्या माळ्यावर खुडबुड करणारा काळा उंदीर नव्हे; तो गटारातल्या तपकिरी उंदराचा वंशज, दीडशेहून अधिक वर्षे माणसाच्या हाताखाली वाढून निवळलेला. व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणून लंडनमध्ये मिरवणारा जॅक ब्लॅक हा गृहस्थ पकडलेल्यांपैकी चमत्कारिक रंगाचे उंदीर बाजूला काढून त्यांची पैदास करी आणि हौशी लोकांना विकी. जे मारण्याचा मुशाहिरा घ्यायचा त्याचेच बियाणे राखायचे, ही व्यवहारबुद्धी मला मनापासून आवडते. पुढे १९०१ साली, आमची कन्या राहते त्याच बकिंगहॅमशर परगण्यातल्या एल्सबरी गावी, छोट्या उंदरांच्या प्रदर्शनात या मोठ्या उंदरांनाही प्रथम प्रवेश मिळाला, आणि मेरी डग्लस नावाच्या बाईंच्या काळ्यापांढऱ्या उंदराने तिथे पहिला मान पटकावला. इंग्रजांचे एक बरे आहे: कोणतीही आवड कितीही विक्षिप्त असली तरी तिचे मंडळ निघते, मंडळाची घटना होते, अध्यक्ष निवडला जातो, आणि मग त्या आवडीला हसण्याची कोणाची प्राज्ञा राहत नाही.

असो. मिरीचे ते फिरणे मी पाहत होतो, आणि मध्येच नातीने विचारले, “आजोबा, कुठे चाललात?” तेव्हा मला कळले की मी खुर्ची सोडून उठलो आहे आणि बाहेरच्या दाराच्या कडीवर माझा हात आहे.

तो हात माझा नव्हता, माझ्या आजीचा होता. आजी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या कुलकर्ण्यांची लेक. तिच्या लहानपणी प्लेग ही दरसालची गोष्ट झाली होती. पाऊस सरला, हवेत गारवा आला, की त्याची वाट पाहायची आणि उन्हाळा कडक झाला की तो गेला म्हणायचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, मूळच्या गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला, आणि पाहता पाहता तो घाट चढून पुण्यास, तिथून साऱ्या दक्षिणेत पसरला. पुण्यात सरकारने शोधपथके घरात घातली, १८९७ च्या जूनमध्ये रँडचा खून झाला, हा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठुंगळी घेऊन हडपसरला आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या, हेही आता सर्वांस ठाऊक आहे. परंतु आजीच्या कैफियतीत ना रँड होता, ना सरकार. तिच्या कैफियतीत एक उंदीर होता.

ती सांगे की भर दुपारी, पंगत बसलेली असताना, माजघराच्या मधोमध एक उंदीर आला. तो धावत नव्हता. माणसे होती, मांजर होते, उजेड होता, यांपैकी कशाचीच त्याला दखल नव्हती. तो झोकांड्या खात आला, तिच्या वडिलांच्या पाटापासून हातभर अंतरावर थांबला, एका अंगावर कलला, आणि पडला. वडिलांनी आपोष्णी न घेता पान सोडले. अन्नावरून उठणे हे त्या घरात केवढे अरिष्ट समजत असतील याची कल्पना आज येणार नाही. पण उंदीर पडला म्हणजे पुढचा हुकूम ठरलेला होता, त्याला ना मुहूर्त पाहायचा ना कोणाची संमती घ्यायची. उंदराला हात लावायचा नाही. चिमट्याने उचलून, गावाबाहेर नेऊन, घासलेट ओतून जाळायचा. घरातून प्रथम निघाले ते वतनाचे दप्तर, लाल रुमालांत बांधलेले, त्यानंतर देव, त्यानंतर पोरे, आणि दागिन्यांचा डबा सर्वांत शेवटी, कारण तो कुठे पुरला आहे हे सासू-सुनांनी एकमेकींना सांगितलेले नव्हते. संध्याकाळच्या आत अर्धे गाव माळावर आले. कडब्याच्या आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. गावात होती त्याच क्रमाने आळ्या माळावर मांडल्या गेल्या, मारुतीच्या नावाने एक दगड शेंदरून पारही झाला, आणि कोणाच्या झोपडीचा वारा कोणावरून जावा यावरून पहिल्याच रात्री तंटा उभा राहून तो पाटलाकडे फिर्यादीस गेला. मागे गावात घरांची कौले उतरवून ठेवली, की ऊन थेट जमिनीपर्यंत पोचावे. आजी म्हणे, वडिलांचे बोट धरून ती एकदा घर पाहायला गेली तेव्हा माजघरात, जिथे एरवी दिवसा समई लागे तिथे, लख्ख ऊन पडले होते, आणि आपले घर इतके लहान आहे हे तिला त्या दिवशी दिसले.

त्या माळावरच्या वास्तव्याविषयी आजी बोलू लागली की तिच्या आवाजात सुतकाचा लवलेश नसे. तिथे तिने विहिरीत पोहायला शिकून घेतले. तिथे सोवळ्याओवळ्याचा बंदोबस्त सैल झाला, आणि परटाच्या मुलीशी तिची जी मैत्री जमली ती गावात परतल्यावरही, लपतछपत, टिकली. तिथेच तिचा धाकटा भाऊ काखेत गाठ येऊन तिसऱ्या दिवशी गेला. या गोष्टी ती एकाच दमात, एकाच स्वरात सांगे, आणि त्यांत वेगळे करण्यासारखे काही आहे असे तिला वाटत नसावे. उंदरांविषयी मात्र तिचा एक कायदा होता आणि तो ती आम्हां मुलांना पढवीत असे: “पळतोय तोवर बरं. थांबला, की आपण पळायचं.”

आजी माळावर राहत होती त्याच्या काही वर्षे आधी, १८९८ साली, कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर अशाच एका न पळणाऱ्या उंदरासमोर बसला होता. त्याच्या ध्यानात आले होते की नुकताच मेलेला उंदीर उचलणारा माणूस आजारी पडतो, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलणाऱ्याला सहसा काही होत नाही. म्हणजे प्रेतात नसलेले काहीतरी, प्रेत गार होताच निघून जाणारे काहीतरी, यात आहे. म्हणून त्याने प्लेग झालेला उंदीर काचेच्या बरणीत ठेवला, त्याच्यावर एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा सोडल्या, आणि तो उंदीर मरणपंथाला लागल्यावर दुसरा निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून, स्पर्श होणार नाही अशा बेताने, त्याच बरणीत टांगला. काही दिवसांत तोही गेला. पिसवांनी उड्या मारल्या होत्या. या सिद्धान्ताची बरीच वर्षे टिंगल झाली, आणि परळच्या प्रयोगशाळेत पुढे फिरून प्रयोग झाले तेव्हा कुठे तो मान्य झाला. मला त्या शोधापेक्षा त्या बसण्याचे अप्रूप वाटते. ज्या दृश्यापासून अवघा मुलूख पळत होता त्याच्यासमोर खुर्ची ओढून एक माणूस बसतो, आणि उंदीर कोणत्या कुशीवर कलतो, खातो की नाही, डोळे मिटतो की नाही, हे वहीत टिपून ठेवतो.

मी दाराची कडी सोडली आणि परत बसलो. नातीने लगोलग पशुवैद्याची वेळ ठरवली.

पशुवैद्य बाई तरुण होत्या. रुग्णाच्या नोंदीचा कागद माझ्या हाती आला तेव्हा त्यावर मिरीच्या नावापुढे आमच्या जावयाचे आडनाव छापलेले होते; इकडे तसा रिवाजच आहे. सात पिढ्यांच्या वंशावळीत ज्या घराण्याने दत्तकपुत्राची नोंद करताना भाऊबंदांच्या सह्या घेतल्या, त्यात एक उंदरी अशी विनातक्रार दाखल झाली. बाईंनी तिच्यापुढे बिस्किटाचा तुकडा धरला, आणि माझ्या अपेक्षेविरुद्ध, तिचे डोके न पाहता हात पाहत राहिल्या. मिरी मागच्या पायांवर बसली, भिंतीला टेकली, आणि पुढच्या दोन्ही चिमुकल्या हातांत तुकडा धरून कडेकडेने कुरतडू लागली. बाईंचा चेहरा सैल झाला. म्हाताऱ्या उंदरींना (आणि दोन वर्षांची मिरी म्हातारीच) मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीची गाठ होते. त्या गाठीत पुढचे हात ताठरतात, घास धरता येत नाही, आणि मग करण्यासारखे फारसे उरत नाही. पण डोके कलते, तोल जातो, जनावर एका बाजूस फिरते, आणि तरीही घास हातात नीट धरता येतो, तेव्हा बहुधा दोष आतल्या कानाचा असतो. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू जवळजवळ प्रत्येक उंदराच्या श्वासमार्गात जन्मापासून दबा धरून असतो, आणि घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीने तो वर चढला, की वर काय आणि खाली काय याचा हिशेब ठेवणाऱ्या त्या बारीक अर्धवर्तुळाकार नलिकांचा कारभार कोलमडतो. डॉक्सीसायक्लिन दोन वेळा, सूज उतरवण्यासाठी आणखी एक औषध, आणि कानात कोणीही काहीही घालायचे नाही, असे फर्मान घेऊन आम्ही परतलो.

घरी आल्यावर पिंजऱ्याचे वरचे दोन मजले काढले. तोल गेलेल्या जीवाला चढण्याची सवय सुटत नाही, आणि पडण्याची भीती अंगी येत नाही. तळाला जाड लोकरी कापड, भिंतीच्या कडेने गुंडाळलेले टॉवेल, की कलली तरी टेकायला काहीतरी असावे. पाण्याची बाटली दोन बोटे खाली. तिला उचलताना साऱ्या अंगाखाली तळहात द्यावा लागे आणि डावी कूस आपल्या छातीशी दाबून धरावी लागे; तशी धरली की त्या लहानशा देहातली थरथर हळूहळू थांबे, अधांतरी धरली की ती चारही पायांनी हवेला ओरबाडी. डोळ्यांच्या कडांना तांबडे काहीतरी साकळलेले पाहून नात रडली. ते रक्त नव्हे; उंदीर आजारी किंवा भेदरलेला असला की डोळ्यामागच्या ग्रंथीतून तसला तांबूस स्राव येतो, आणि निरोगी उंदीर तो स्वतः पुसून टाकतो. मिरीला हात चेहऱ्यापर्यंत नेताना तोल राहत नव्हता, म्हणून ते काम लवंग करी. कोमट पाण्याने भिजवलेला कापूस घेऊन नात पोचेपर्यंत लवंगेने बहुतेक वेळा सफाई उरकलेली असे, आणि मग ती मिरीच्या डाव्या अंगाला, जिकडे ती पडे त्याच अंगाला, चिकटून निजे. यात जाणीव किती आणि ऊब किती याचा निवाडा मी करणार नाही.

औषध कडू. ते श्रीखंडातून द्यावे अशी सौं.ची सूचना होती, आणि दुधातल्या चुन्याने हे औषध बांधले जाते, त्याचा गुण येत नाही, म्हणून दूधदही वर्ज्य, हे बाईंचे म्हणणे सौं.ना इंग्रजी वैद्यकाच्या एकंदर हट्टीपणाचा आणखी एक दाखला वाटले. अखेर कुस्करलेल्या केळ्यावर तह झाला. अन्न म्हणून मऊ भात, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक. सुईविना पिचकारीतून, तोंडाच्या कडेने, थेंबथेंब. उंदराला ओकता येत नाही, ही शरीररचनेतली गोष्ट ऐकून सौ. म्हणाल्या, “बरंय बाई, आपल्या पोरांना ही सोय हवी होती.”

मिरी सुधारली, म्हणजे सरळ चालू लागली. डोके मात्र कललेलेच राहिले आणि ते तसेच राहील, असे बाईंनी सांगितले. जग तिरपे दिसण्याची तिला आता सवय झाली आहे. नात तिला पोटावर गुदगुल्या करते. अशा वेळी उंदीर हसतात, पण पन्नास हजार कंपनांच्या पट्टीत, माणसाच्या कानाच्या कितीतरी वर, असे याक पँक्सेप नावाच्या शास्त्रज्ञाने यंत्र लावून दाखवले आहे. मला वीस वर्षांपासून टेलिफोनची घंटाही धड ऐकू येत नाही, त्यामुळे माझे फारसे नुकसान नाही.

परवा साताऱ्याहून सौं.च्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडे स्वयंपाकघरात उंदरांचा सुळसुळाट झाला असून तिने चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्याचे साद्यंत वर्णन झाल्यावर तिने विचारले, “तुझं काय चाललंय?”

“काही नाही गं, पेशंटला भात भरवतेय.”

“अगं बाई, कोण आजारी?”

“घरातलीच आहे. कान बिघडलाय, तोल जातो.”

बहिणीने तत्काळ उपाय सांगितला: तिळाच्या तेलात लसणीच्या दोन पाकळ्या तांबूस होईतो परतायच्या, तेल गाळून कोमट करायचे, रात्री दोन थेंब कानात, वर कापसाचा बोळा. सौं.नी तो अक्षरशः लिहून घेतला. मिरीच्या कानात काही घालण्याची मनाई असल्यामुळे तो कागद काही वेळ टेबलावर पडून होता. मग सौं.चे लक्ष माझ्याकडे गेले, आणि आता स्वयंपाकघरातून लसणीचा वास येतो आहे.