शनिवार तेल्यांनो

शनिवार तेल्यांनो, तुमच्यासाठी शोक करायला हदगावचा माणूस कशाला, असं कुणी विचारील. आमचा मुलूख पैनगंगेकाठचा, करडईच्या तेलाचा; तुमचा नवगाव-रेवदंड्याचा, नारळी-सुपारीचा. पण शनिवारी आमच्याकडेही तेल विकत आणत नाहीत, मारुतीला तेवढं वाहतात. त्याच वारी तुमचा घाणा थांबे, बैल सुटे, आणि त्या थांबण्यावरूनच कोकणानं तुम्हा बेने इस्राएल यहुद्यांना हे नाव दिलं.

नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांना त्याच किनाऱ्यावर माती दिली, असं तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलात. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली. ओठांवर उरली शेमा ही एकच प्रार्थना. सुंतेला तीच, लग्नाला तीच, मयतालाही तीच. पंचांग हाताशी नव्हतं, तर तुम्ही सणांना घरातली नावं दिलीत: खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. नवस फेडायला पोहे, गूळ, खोबरं कालवून मलिदा केलात आणि प्रेषित एलियाहू हनाबीला हाक मारलीत. राहिलात त्या गावाचं आडनाव घेतलंत, पेणकर, रोहेकर, दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. १९१६ मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्या बचावाला जिनांसोबत तुमचे डेव्हिड एरुळकर उभे होते. कामा हॉस्पिटलात किती आयांची बाळंतपणं तुमच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या देखरेखीखाली सुखरूप झाली असतील! आमच्या शाळेच्या पुस्तकांत यातलं एकही नाव नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९४८ नंतर तुम्ही इस्राएलला निघालात. कुणी हाकललं नाही. घरं विकलीत, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडलात, आणि हजारो वर्षं जिच्याकडे तोंड करून प्रार्थना केली त्या भूमीवर उतरलात. तिथं १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीनं फर्मान काढलं की बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न इतर यहुद्यांशी लावायचं तर आधी आईचं, आजीचं, जमेल तितकं मागचं कूळ तपासा. बाकी कुणाला हा जाच नव्हता. पोथीशिवाय शनिवार पाळणाऱ्यांकडे पुरावा मागितला! तुम्ही जेरुसलेमात रस्त्यावर बसलात. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ठराव केला, तुम्ही सर्वार्थानं यहुदी आहात, तुमचे हक्क इतरांइतकेच आहेत. एवढं साधं वाक्य मिळवायला तुम्हाला उन्हातान्हात बसावं लागलं.

आम्ही इकडे अभिमानानं सांगतो की महाराष्ट्रात यहुद्यांचा कधी छळ झाला नाही. ते खरं आहे, आणि ते थोडं नाही. युरोपात तुमच्या भाईबंदांचं काय झालं हे जग जाणतं. पण कूळ विचारण्याची रीत तुम्हाला जेरुसलेमातच भेटली असं नाही. ती इथंही होती, आणि तुम्ही ती आमच्याकडूनच उचललीत. तुमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल झाले. बाप तुमचा, आई परजातीची, म्हणून लेकरू काळं. त्याच्याशी बेटीव्यवहार नसे, जेवायला एका ताटात बसणं नसे. सिनेगॉगातला द्राक्षरसाचा प्यालाही त्याच्याकडे सगळ्यांच्या शेवटी येई. ती पंगत मला ओळखीची आहे. मी ज्या नांदेड जिल्ह्यातून लिहितो, तिथं १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या वादात, दलित असलेल्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं. त्यांच्याच गावकऱ्यांनी जात पाहून मारलं. समुद्रातून आलेल्याला आसरा देणारा हा समाज घरातल्याला पाण्यालाही शिवू देत नव्हता, आणि हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

एके काळी तुम्ही वीसेक हजार होतात, आता देशात काही हजार उरलात. २०१६ मध्ये महाराष्ट्रानं तुम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर अलिबागच्या इस्राएल आळीतली बहुतेक घरं रिकामी झाली होती. इस्राएलात गेलेले तुमचे लोक तिथूनही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. दिवेकर, एरुळकर, झिराड यांची नावं निदान शोधली तर सापडतात. त्या शेवटच्या प्याल्यावाल्यांची मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. माझा शोक आधी त्यांच्यासाठी आहे.