सेक्टर सातची टेकडी

दिल्लीहून समुद्र हजारएक किलोमीटर दूर. तरी आर. के. पुरममध्ये मंगळवारी संध्याकाळी हवेला किनारपट्टीचा वास येतो: नारळ, कापूर, मोगरा आणि कुणाच्या तरी फोडणीतला कढीपत्ता. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ही वसाहत. नाव रामकृष्ण परमहंसांचे, घरे सगळी एका साच्यातली. तमिळ आणि मल्याळी मुलखांतून बदलीवर आलेल्यांनी या एकसुरी क्वार्टरांत आपला देव आणि आपली चव बसवून घेतली. सेक्टर दोनमध्ये अय्यप्पा. सेक्टर सातच्या टेकडीवर १९७३ साली स्वामिनाथ, म्हणजे मुरुगन.

मराठी माणूस इथे जरा गोंधळतोच. आपला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. बायकांनी त्याचे दर्शन घेऊ नये, अशी जुनी रूढी. इथे तोच देव वल्ली आणि देवसेना यांचा नवरा, आणि पायऱ्यांवर गजरे माळलेल्या बायकांचीच गर्दी. एकाच देवाचे दोन संसार पाहायला मिळाले, तर पर्यटन वेगळे ते काय करायचे? टेकडीवर मोरही दिसतात. मुरुगनचे वाहन; पण दिल्लीच्या झाडीत मोर मूळचेच. एवढे एकच दक्षिणेतून आणावे लागले नाही!

खरी गंमत डिसेंबरात. सारी दिल्ली स्वेटरांत गुरफटलेली आणि अय्यप्पाचे व्रतस्थ मात्र काळ्या लुंगीत, गळ्यात माळ, गार फरशीवर अनवाणी. उष्ण कटिबंधातला धर्म थंडीला जुमानत नाही.

दिल्लीला आलेले पाहुणे कपड्यांसाठी शेजारच्या सरोजिनी नगरात घासाघीस करतात. करोत बापडे. मला इथली खरेदी आवडते: केळीचे पान, चिकोरी घातलेली कॉफी पूड, केळ्याचे वेफर आणि उकडा तांदूळ. हा तांदूळ पाहून कोकणातल्या माणसाचा पाय दुकानातून निघत नाही. बासमतीच्या मुलखात पेजेची सोय झाली, की परकेपणा निम्मा सरतो. मासळी आणि वाळू मात्र मागू नका.

गोवा-केरळची तिकिटे महाग झाली म्हणून हळहळण्यापेक्षा दिल्लीत असाल तेव्हा मेट्रोच्या मॅजेंटा लाइनने आर. के. पुरमला उतरा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, दुपारी देऊळ बंद असते. आणि येताना इडली खाल्ल्याशिवाय परतू नका.